आत्याच्या बेकरीवर पडलेली धाड

बेकरीवाल्या आत्यावर धाड पडली, ही बातमी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सतरा मिनिटं लागली. समोरच्या लाँड्रीवाल्याने ती सोडली तेव्हा तिचं वजन बेताचं होतं: टॅक्सवाला आलाय, शटर अर्धं खाली आहे, आत कागद पसरलेत. औषधाच्या दुकानापर्यंत जाईतो टॅक्सवाले दोन झाले. सलूनमध्ये मैद्याच्या पोत्यातून नोटा निघाल्या. सायकलदुरुस्तीच्या दुकानापाशी तर आत्याला गाडीत घालून नेलंसुद्धा, आणि गाडीत बसताना तिने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं होतं म्हणे. लाँड्रीवाल्याचं म्हणणं एवढंच होतं, पण शपथेवर होतं: बाई आत रडत होती, पाठमोरी होती, आणि खांदे गदगदा हलताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

खोटं कशाला बोला, ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना जरा बरं वाटलं. आत्याची जीभ आत्याच्या ब्रेड कापायच्या सुरीपेक्षा धारदार. कालचा पाव आहे का विचारणाऱ्याला ती विचारायची, "कालचा पेपर वाचता का तुम्ही? मग?" लाँड्रीवाल्याला तर ती गिऱ्हाइकांदेखत सांगायची की तुझ्या इस्त्रीपेक्षा माझी ब्रेडची लादी सरळ असते. अशा बाईच्या दारात सरकार येऊन बसलं, तर शेजाऱ्यांनी खुर्च्या बाहेर काढायच्या नाहीत का?

खरं तर ती जगात फक्त दोन भाच्यांची आत्या. पण मुलांच्या तोंडचं ऐकून वहिनी तिला आत्या म्हणायला लागली, वहिनीचं ऐकून गिऱ्हाइकं, आणि शेवटी बँकेतला शिपाईसुद्धा "आत्या, सही इथे" असं म्हणू लागला. मागे भट्टी आणि पीठ आत्याकडे, पुढचा काउंटर वहिनीकडे, आणि दुकानांना माल पोचवायची गाडी थोरल्या भावाकडे. भाऊ दिवसभर गाडीवर असल्यामुळे घरात शांतता होती.

वडिलांनी बेकरी सोपवताना आत्याला एकच कायदा घालून दिला होता. संध्याकाळी काउंटरवर काही उरता कामा नये. पाच वाजता ती ट्रेवर अर्ध्या किमतीची पाटी लावायची आणि सहा वाजता रस्त्यात उभी राहायची. "घ्या हो, फुकट न्या, पण न्याच!" एखादा बन चुकून काउंटरवर राहिला, तर रात्री घरी पडल्यापडल्या तिला तो दिसायचा. बंद दुकानात माल राहणं ही तिच्या लेखी बेअब्रू होती.

आणि भट्टी! ती आत्याहून दोन वर्षांनी मोठी. दाराची बिजागरी कधीच गेलेली, दार तारेने बांधलेलं. डाव्या कोपऱ्यात आच जास्त, म्हणून प्रत्येक ट्रे अर्ध्या वेळेला बाहेर ओढून उलटा फिरवून आत ढकलायचा. नाही फिरवला तर एका बाजूचे बन कोळसा आणि दुसऱ्या बाजूचे नुकतेच तापातून उठल्यासारखे. मिस्त्री दर सहा महिन्यांनी येऊन तिच्या पोटात डोकं घालायचा. शेवटच्या वेळी डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "अजून तीन वर्षं धरा, आत्या. त्यानंतर मला बोलावू नका. मी येईन, पण हातात पाना नसेल, फुलं असतील."

भावाने ते ऐकलं आणि हिशेब सांगून टाकला. नव्या भट्टीचे पैसे उभे राहिले तर ठीक. नाही राहिले, तर गाळा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने. मोबाइलवाला दोनदा येऊन मापं घेऊन गेला होता. त्याला भिंतीला टेप लावताना आत्याने पाहिलं, आणि तो गेल्यावर ती भिंत पुसून काढली.

आत्याकडे नऊ वर्षांत साठवलेले दोन लाख होते. बरी वापरलेली भट्टी अडीच लाखांच्या घरात. वरचे पैसे आणायचे कुठून, या चिंतेत ती असताना मंगळवारी यीस्टवाला आला. या माणसाला यीस्टपेक्षा शेअर बाजार जास्त फुगतो असं वाटायचं.

"हे बघा आत्या," तो काउंटरवरच्या बरण्या सरकवत म्हणाला, "एका कंपनीचा शेअर म्हणजे एकाच चवीचं बिस्किट. ते मऊ पडलं की संपलं. हा फंड म्हणजे मिक्स डबा. आत पन्नास कंपन्या. आणि हा डबा शेअरसारखाच बाजारात मिळतो. बाजार उघडा असेतो कधीही घ्या, कधीही विका. ईटीएफ म्हणतात याला."

"कधीही विकता येतो?"

"कधीही."

"त्याच दिवशी?"

"साडेतीनपर्यंत, हो. पण तसं कोणी—"

पुढचं आत्याने ऐकलंच नाही. भट्टीतून जळका वास आला आणि ती ट्रे फिरवायला धावली. ते अर्धं वाक्य तिला किती महागात पडलं हे यीस्टवाल्याला आजही कोणी सांगितलेलं नाही, आणि आपणही सांगू नये. हळवा माणूस आहे.

दुसऱ्या सोमवारपासून आत्याचा नवा धंदा सुरू झाला. साडेनऊला दुसरा घाणा बाहेर आला की फोन वजनकाट्याला टेकवायचा, पिठाचं बोट ॲप्रनला पुसायचं आणि दोन लाखांचे सगळेच्या सगळे डबे घ्यायचे. सव्वातीनला सगळे विकायचे. मग टाळी वाजवून ती म्हणायची, "झाला माल साफ!" पन्नास कंपन्यांचा माल रात्रभर तसाच उघड्यावर ठेवायचा, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती. सकाळी पुन्हा ताजा घेता येत असताना शिळा कशाला ठेवायचा? शिवाय खरेदीविक्रीच्या ॲपवर हिरव्या ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: दलाली शून्य. ज्याला दलाली नाही ते रोज केलं तर बिघडलं काय?

रोज संध्याकाळी मेलवर त्या दिवसाच्या व्यवहाराचं बिल यायचं. फोनमधला कागद हा कागदच नव्हे असं आत्याचं मत, म्हणून ती ते झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायची आणि कोठीघरातल्या मैद्याच्या रिकाम्या पोत्यात टाकायची. वाचायची मात्र नाही. बारीक अक्षर वाचणं हे संशयी माणसाचं लक्षण, आणि आपण धंद्यात संशयी नाही, असं ती अभिमानाने सांगायची.

आठ महिने गेले. एका सकाळी वहिनीने काउंटरवर पेपर उघडला आणि ती ओरडलीच.

"आत्या! तुमचा तो डबा! आठ महिन्यांत शंभराला अकरा वाढलाय! म्हणजे दोन लाखांचे... थांबा हं... दोन लाख बावीस हजार! अहो, पार्टी द्या!"

"हं," आत्या ट्रेमागून म्हणाली.

"हं काय? किती झालेत तुमचे?"

"जमतंय."

ज्या बाईला आयुष्यात एका शब्दात उत्तर देता आलं नाही, तिचं हे एक शब्दाचं उत्तर. वहिनी चपापली, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आत्याने मागे जाऊन फोन उघडला. एक लाख शहात्तर हजार. रोज थोडंथोडं घटतंय हे तिला दिसत होतं. पण बाजार पडला असेल, उद्या चढेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आता बाजार चढलेला आणि तिचे पैसे उतरलेले! आपण फसवले गेलो की आपण मूर्ख आहोत, याचा तिने भट्टीच्या दारात उभं राहून विचार केला, आणि मूर्ख असण्यापेक्षा फसवलं जाणं बरं, असं ठरवलं. चोर पकडण्यासाठी तिला बारीक अक्षर वाचणारा माणूस हवा होता.

तसा एकच माणूस गल्लीत होता. टाचणीकाका. छत्तीस वर्षं टॅक्सच्या ऑफिसात कारकुनी केलेला, आणि अजूनही शर्टच्या कॉलरमागे तीन टाचण्या लावून फिरणारा. रोज सकाळी सातला ते एक बन घ्यायचे आणि तो तळहातावर तोलायचे.

"बाई, चाळीस ग्रॅमचा बन. आज अडतीस आहे."

"दोन ग्रॅम तुमच्या संशयाचे. ते वजा करून देते मी."

हा संवाद वीस वर्षं बिनचूक चालू होता. त्या दिवशी आत्याने पुढे एक वाक्य जोडलं. "काका, दुपारी जरा याल? आत. कोणाला सांगू नका." काकांच्या हातातला बन थांबला. वीस वर्षांत त्यांना कोणी आत बोलावलं नव्हतं.

दुपारी वहिनी घरी जेवायला गेल्यावर काका चामडी बॅग घेऊन आले. ही बॅग गल्ली ओळखत होती. टॅक्सच्या ऑफिसात जाताना ते हीच न्यायचे. उद्याच्या पावाचं मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली फुगायला ठेवलेलं होतं, त्याला वारा लागू नये म्हणून आत्याने शटर अर्धं ओढून घेतलं. मग कोठीघरातलं पोतं आणून तिने मळायच्या टेबलावर उलटं केलं. एकशे साठ कागद, मैद्याचा ढग, आणि ढगातून आलेली काकांची शिंक.

"चोर कुठाय ते दाखवा," आत्या म्हणाली.

काकांनी बॅगेतून चष्मा काढला, तारखा लावल्या, दहा-दहाचे गठ्ठे करून टाचले. अर्धा तास नुसती टाचण्यांची कामगिरी. मग त्यांनी एक कागद टेबलावर चपटा केला.

"या दिवशी तुम्ही अडीच हजार युनिट घेतली. ऐंशी आणि वर पाच पैसे, या भावाने. विकली ती बरोब्बर ऐंशीला. दिवसभरात भाव हललाच नाही."

"मग पाच पैसे कुठे गेले?"

"घेणाऱ्याचा भाव वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा. तुम्ही जुना डबा भंगारवाल्याला ज्या भावाने देता, त्याच भावाने तो तुम्हाला परत देईल का?"

"पाच पैशांसाठी मी तुम्हाला बोलावलं?"

"गुणिले अडीच हजार. सव्वाशे."

काकांचं पेन खाली सरकलं. "आता हे बघा. बाजाराचा आकार, सरकारचा व्यवहारावरचा कर, आकारावरचा कर, शिक्क्याचं शुल्क. सगळे मिळून पासष्ट."

"पण दलाली शून्य!"

"शून्यच आहे. इथे लिहिलंय, दलाली शून्य. त्याखालच्या ओळींबद्दल त्यांनी काही वचन दिलं नव्हतं. एकशे नव्वद झाले, बाई. एका दिवसाचे. तुम्ही हे एकशे साठ दिवस केलंत. तीस हजारांच्या वर. दिवसाच्या चढउतारात सहा हजार मिळालेत, ते त्यातच विरघळले."

"आणि फंडवाले? ते फुकट सांभाळतात?"

"नाही. त्यांचा वाटा बिलात कधी दिसत नाही, फंडाच्या आतल्याआत कापला जातो. या फंडाचा आहे शंभराला दहा पैसे. दोन लाखांवर दोनशे."

"रोज?"

"वर्षाला."

आत्याने स्टूल ओढून बसकण मारली. वर्षभर सांभाळायचे दोनशे, आणि ती रोज एकशे नव्वद मोजत होती! काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"बाई, तुम्ही रोज विकत का होता?"

"शिळं होऊ नये म्हणून."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, मग दुसरा. छत्तीस वर्षं नोटिसा बजावलेला माणूस टेबलाला धरून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी, चष्मा पिठात. "शिळं! शेअर बाजार! पन्नास कंपन्या... संध्याकाळी... शिळ्या!"

"हसू नका! रात्री काय होईल काय माहीत!"

"अहो, रात्रीच तर वाढला तो! तुम्ही सव्वातीनला विकायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार वर उघडायचा, आणि तुम्ही जास्त भावाने घ्यायचा. अकरातले जवळजवळ आठ टक्के तुम्ही झोपला होतात तेव्हा वाढले!"

आत्या रागाने उठली. रागावली की तिचे हात काम शोधतात. ती झाकलेल्या पिठापाशी गेली आणि फडकं उचललं. आतलं पीठ दुप्पट झालं होतं, गोल, मऊ, कोणी हात न लावता. रोज ती भाच्यांच्या हातावर चापट मारायची ती याचसाठी. झाकलेल्या पिठाला बोट लावायचं नाही, लावलं की बसतं. फडकं हातात धरून ती उभी राहिली. काउंटरचा कायदा तिने फडक्याखालच्या पिठाला लावला होता. दोन्ही कायदे तिला वयाच्या सातव्या वर्षापासून पाठ होते, आणि कुठला कुठे लावायचा तेवढंच चुकलं होतं.

"काका," ती वळून म्हणाली, "हे काउंटरवरचं नव्हतंच. हे फडक्याखालचं होतं."

"बरोबर. आता करही ऐका. फंड वर्षाच्या वर ठेवून विकलात तर नफ्यावर कमी दर. आत विकलात तर जास्त. आणि सकाळी घेऊन दुपारी विकलात, तर कायदा त्याला गुंतवणूक म्हणतच नाही. धंदा म्हणतो. तुम्ही बेकरीच्या जोडीला दुसरं दुकान टाकलंत, बाई."

"चोवीस हजार तोट्याचं! मग तो तोटा बेकरीच्या नफ्यातून वजा करा की."

"नाही करता येत. फॉर्मात वेळेवर दाखवला तर पुढच्या वर्षी वजा होतो, पण तसल्याच धंद्यातल्या नफ्यातून."

"म्हणजे? तोटा वसूल करायला मी पुन्हा तोच मूर्खपणा करायचा?"

"कायदा तशी सोय देतो."

आता आत्याला आवरेना. ती टेबलाकडे तोंड, रस्त्याकडे पाठ करून उभी होती. आधी नुसते खांदे हलले, मग तिने ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं. आठ महिन्यांची धास्ती त्या ॲप्रनमध्ये रिकामी झाली. शेवटी कशीबशी म्हणाली, "सरकारला सांगा, सोयीबद्दल आभारी आहे. नको मला." तरी काकांनी तोटा फॉर्मात लिहायला लावलाच. खरं आहे ते लिहायचं, आवडो न आवडो, हा त्यांचा कायदा.

संध्याकाळी वहिनीला तिने सगळं सांगितलं. चोवीस हजारांसकट. वहिनी रागावेल याची तिची तयारी होती. वहिनीने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "शिळं?" आणि तीही हसत खाली बसली.

दुसऱ्या दिवशी आत्याने एक लाख शहात्तर हजारांचा फंड घेतला. बाजार उघडल्याउघडल्या नाही. काकांनी बजावलं होतं की पहिल्या मिनिटांत दोन भावांमधलं अंतर रुंद असतं, जरा थांबा, आणि आपला भाव लिहून मगच मागणी टाका. मग दर महिन्याच्या एक तारखेला बेकरीतून चार हजार, एकाच खरेदीत. ॲपचा पासवर्ड वहिनीने बदलला आणि सांगायला नकार दिला.

पहिले काही महिने आत्याचे फार हाल झाले. सव्वातीन वाजले की तिचे हात शिवशिवायचे. एकदा बाजार धाडकन आपटला, शंभराचे एक्क्याण्णव झाले. ती काउंटरपाशी येऊन म्हणाली, "वहिनी, फक्त बघते."

"पिठाचं फडकं उचलून फक्त बघू का मी?"

"तुम्ही फार शेफारलात."

"एक तारखेला चार हजार टाकेन. तोवर ट्रे फिरवा, डावीकडचा वास येतोय."

भट्टी मात्र थकत चालली होती. दाराची तार दोनदा बदलली. मिस्त्री आता आत डोकं घालण्याआधी तिला थोपटायचा. मोबाइलवाला तिसऱ्यांदा टेप घेऊन आला तेव्हा वहिनीनेच त्याला आठ बन बांधून दिले आणि सांगितलं, माप घ्यायचं तर यांचं घ्या.

सव्वादोन वर्षांनी मिस्त्रीने खबर आणली. एक हॉटेल बंद होतंय, दोन मजली भट्टी, चार वर्षं वापरलेली, अडीच लाख. तीन मजल्यांची आत्याची इच्छा होती, पण तीन मजल्यांच्या किमती तोवर तिच्या फंडापेक्षा जोरात फुगल्या होत्या. काका बॅग घेऊन हजर झाले. जी युनिट आधी घेतली ती आधी विकली जातात, आणि वर्षाच्या वर झालेल्यांतच काम भागतंय, असं त्यांनी तारखा लावून दाखवलं. अलीकडची राहू द्यायची. कमी दराचा जो कर बसणार तो त्यांनी कागदावर काढला, आणि तेवढे पैसे जास्तीचे विकून लगेच बाजूला ठेवायला लावले. एकच विक्री, एकच बिल. आत्याने ते बिल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचलं. शिक्क्याच्या शुल्कापाशी ती थांबली, काकांकडे पाहिलं, आणि काकांनी मान हलवल्यावर पुढे गेली.

नवी भट्टी आत घ्यायला शटरची चौकट काढावी लागली. गल्ली मदतीला आली. लाँड्रीवाल्याने सगळ्यांत जड कोपरा उचलला, आणि त्याबद्दल त्याला दोन दिवस कोणी काही बोललं नाही. पहिला घाणा घातला तेव्हा आत्याने सवयीने अर्ध्या वेळेला दार उघडलं आणि ट्रे ओढला. सगळे बन सारखे. डावे, उजवे, मधले, सगळे एका रंगाचे. ती ट्रे हातात धरून उभीच राहिली. वहिनी म्हणाली, "अहो, आत ढकला, अजून व्हायचेत." भाऊ गाडी सोडून आला होता. त्याने पहिला बन गरम असतानाच तोडला, तोंड पोळून घेतलं आणि दुसरा उचलला. गाळ्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

राहता राहिली धाड. धाड पडली नव्हती. आलेला माणूस सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला कारकून होता. पोत्यातून निघाली ती फंडाच्या खरेदीविक्रीची एकशे साठ बिलं होती. आणि आत्या रडत नव्हती, हसत होती.